इलेक्ट्रिशियन व्हायचंय? आधी वहीत हिशोब मांडा!

केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या आसपास, वीजकामाला तोटा नाही. जिनिंग आहेत, शेतातल्या मोटारी जळतात, सौर पंप बसतायत. पण शिकायचं काय, आयटीआय की इंजिनिअरिंगची डिग्री?

आधी वर्षं मोजा. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड 2 वर्षांचा. त्यावर 1 वर्ष अप्रेंटिसशिप, तीही स्टायपेंडसह. झाली 3 वर्षं. डिग्रीला अकरावी-बारावीची 2 आणि पुढची 4, म्हणजे 6.

मधली 3 वर्षं फुकट नसतात. समजा महिन्याला 12,000 रुपये कमावले असते, तर 36 महिन्यांचे होतात 4,32,000. फीसोबत ही रक्कमही खर्चात धरा.

मग डिग्री वाया का? नाही. डिझाइनचं काम, मोठ्या कंपनीत इंजिनिअरची खुर्ची हवी असेल तर ती कामाची. पण स्वतःचं दुकान टाकायचं असेल, तर गिऱ्हाईक मार्कशीट बघत नाही, मोटर चालू झाली का ते बघतं.

एक चूक टाळा. नुसत्या आयटीआयच्या प्रमाणपत्रावर थांबू नका, वायरमनचा सरकारी परवाना काढा. पुढे ठेकेदाराचा. नवीन वीजजोडणीला टेस्ट रिपोर्ट लागतो, तो परवानाधारक ठेकेदाराचाच. नाहीतर घाम तुमचा आणि सही दुसऱ्याची!

नंतर शिकावंसं वाटलं तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

आज वहीत तीन आकडे लिहा: फी, वर्षं, बुडणारी कमाई. मग ठरवा.