गर्भावस्थेतील स्लीप ॲप्निया आणि उच्च रक्तदाब
स्लीप ॲप्निया हा झोपेत श्वास वारंवार काही सेकंद थांबण्याचा विकार आहे. गर्भारपणात वाढलेले वजन व नाकातील सूज यांमुळे श्वासमार्ग अरुंद होऊन तो उद्भवू किंवा बळावू शकतो. श्वास थांबताच रक्तातील ऑक्सिजन घटतो, अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होते आणि रक्तदाब वाढतो.

अमेरिकेत ३,००० हून अधिक प्रथमगर्भवती स्त्रियांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा विकार असलेल्यांमध्ये प्रीएक्लाम्प्सियाचे प्रमाण जास्त आढळले. प्रीएक्लाम्प्सियात सामान्यतः २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होतो आणि मूत्रातून प्रथिने जातात किंवा अन्य अवयवांवर परिणाम होतो.

घोरणे व दिवसा येणारी झोप ही लक्षणे गर्भारपणातील नेहमीचा थकवा समजून दुर्लक्षित राहतात. निदान निद्रा-तपासणीने होते. सीपॅप यंत्राच्या हवेच्या दाबाने श्वासमार्ग खुला ठेवता येतो.