साहित्य अकादमी पुरस्कार ठरतो कसा?

नाशिक : नाशिककरांचे तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, यांना १९७४ साली 'नटसम्राट'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार दरवर्षी ठरतो कसा? त्या त्या भाषेतल्या तीन जाणकारांची समिती यादीतली पुस्तकं वाचते अन् एकमताने किंवा बहुमताने एक निवडते. लेखकाला एक लाख रुपये अन् ताम्रपट मिळतो.

पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार वेगळा, रक्कम ५० हजार. पहिल्याच वर्षी, २०११ ला, मराठीत तो आपल्या जिल्ह्यातले कवी ऐश्वर्य पाटेकर यांच्या 'भुईशास्त्र' कवितासंग्रहाला मिळाला.

मात्र समितीपुढे छापलेलं पुस्तकच जातं. गावातली पोरं-पोरी वहीत, मोबाईलवर चांगलं लिहितात. पण पुस्तक निघेपर्यंत पस्तिशी उलटली, तर ही संधी हातची जाते.