सोळापदरी रस्ता आठपदरी कसा झाला?

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, ग्राफिक्स कार्ड गेलं."

संध्याकाळी त्याने मदरबोर्डचा बायॉस अपडेट केला होता. तेव्हापासून गेम अडखळत होता. जीपीयू-झेड उघडून त्याने 'बस इंटरफेस'च्या रकान्याचा फोटो पाठवला. तिथे लिहिलं होतं: 'एक्स१६ ४.० @ एक्स८ १.१'. अपडेटनेच स्लॉटचा वेग मारला, असं त्याचं ठाम मत झालं होतं आणि तो जुना बायॉस परत चढवायच्या बेतात होता. म्हटलं, थांब जरा.

त्या ओळीत @च्या आधी आहे ती ऐपत, नंतर आहे ती आत्ताची चाल. त्यातही गोष्टी दोन: एक रुंदी, म्हणजे लेन किती, आणि दुसरी पिढी. कार्डाला बोर्डाशी जोडणारं पीसीआय एक्सप्रेस २००३ मध्ये आलं तेव्हा प्रत्येक लेनवर सेकंदाला अडीच अब्ज ठोके पडायचे. तिसऱ्या पिढीत ते ८ अब्ज झाले, चौथीत १६ आणि पाचवीत ३२. चौथ्या पिढीच्या सोळा लेन मिळून एका दिशेने सेकंदाला साधारण ३१.५ गिगाबाइट वाहून नेतात, पहिल्या पिढीच्या सोळा लेन जेमतेम ४. फोटोतला '१.१' पाहून पोराचा धीर सुटला, त्यात नवल नाही.

पण तो आकडा खोटं बोलत होता. म्हणजे खरं तेच सांगत होता, पण चुकीच्या वेळी. काम नसलं की वीज वाचवायला कार्ड खालच्या पिढीच्या चालीवर उतरतं. डेस्कटॉपवर नुसता माउस फिरवत हा आकडा वाचायचा म्हणजे सिग्नलला उभ्या रिक्षाचा वेग मोजायचा. रकान्याशेजारी प्रश्नचिन्हाचं बारकं बटण आहे, ते दाबून चाचणी चालू केली की कार्डाला काम लागतं. त्याने दाबलं. '१.१'चं '४.०' झालं. 'एक्स८' मात्र जागचं हललं नाही.

आता संशयाला जागा होती. अपडेटनंतर बायॉसमधली हाताने लावलेली सेटिंग्ज बहुतेक वेळा मूळपदावर जातात. कोणी उभ्या कार्डासाठी तिसऱ्या पिढीची जुनी रायझर केबल वापरत असतो, म्हणून त्याने स्लॉट मुद्दाम 'जेन ३'वर बांधलेला असतो. अपडेट त्याचं 'ऑटो' करतं, कार्ड चौथ्या पिढीत धावायला जातं आणि केबलला ते झेपत नाही. मग पडदा काळा, नाहीतर मधूनच सगळं थिजतं. इथे सोपा उपाय, पुन्हा 'जेन ३' लावणे. स्लॉटच्या सोळा लेन आठ-आठ अशा वाटून देणारं एक सेटिंगही असतं. काही बोर्डांवर दुसरी एम.२ एसएसडी लावली की ती कार्डाच्या ताटातल्याच लेन उचलते. तो तक्ता बोर्डाच्या पुस्तिकेत असतो आणि ती पुस्तिका कधीच सापडत नाही.

क्वचित बायॉस वेग खरंच काढून घेतो, तोही जाणूनबुजून. २०१९ मध्ये रायझन ३००० प्रोसेसर आले तेव्हा काही जुन्या बोर्डांच्या बायॉसमध्ये चौथ्या पिढीचा पर्याय दिसू लागला होता. जुन्या बोर्डांवरच्या तांब्याच्या रेषा इतक्या वेगाचा सिग्नल शाबूत नेतील याची खात्री नाही, म्हणून एएमडीने पुढच्या आवृत्त्यांतून तो पर्याय काढूनच टाकला.

भाच्याच्या बायॉसमध्ये स्लॉट 'ऑटो'वर होता, लेनची वाटणी नव्हती, एसएसडी एकच. म्हणून विचारलं, "अपडेट करताना कॅबिनेट उघडलं होतंस का?"

फोनवर शांतता. मग हळूच, "सेल काढला होता."

अपडेट संपल्यावर पडदा पाच मिनिटं काळाच राहिला, म्हणून साहेब घाबरले होते. डीडीआर५ मेमरीच्या बोर्डांवर हे होतं. पहिल्या वेळी बोर्ड मेमरीशी जुळवून घेत बसतो, तेव्हा त्याला हात लावायचा नसतो. याने बायॉस मूळपदावर आणायला सीमॉसचा सीआर२०३२ सेल काढायचं ठरवलं. सेल होता कार्डाच्या बरोबर खाली. म्हणजे कार्ड काढलं, सेल काढून लावला, कार्ड परत बसवलं.

टॉर्च धरून त्याने व्हिडिओ कॉलवर स्लॉट दाखवला. कॅबिनेटच्या पट्टीकडची बाजू स्क्रूने घट्ट होती. दुसऱ्या टोकाची खिट्टी उघडीच होती आणि त्या टोकाला कार्डाच्या सोनेरी दातांची केसाएवढी रेघ स्लॉटबाहेर चमकत होती. लेनची मोजणी पट्टीकडून सुरू होते; शेवटच्या आठ त्या मोकळ्या टोकाला. कार्ड आणि प्रोसेसर सुरुवातीला एकमेकांना चाचपतात, जेवढ्या लेन धड लागतात तेवढ्यांवर काम उरकतात आणि तक्रार कुणाकडेच करत नाहीत.

मशीन बंद, प्लग बाहेर, कार्ड काढून दात कोरड्या मऊ फडक्याने पुसले, आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब. खिट्टीचा 'टक्' मला फोनवर ऐकू आला. चाचणी लावली: 'एक्स१६ ४.०'.

गेम तरीही अडखळतच होता. तसंही चौथ्या पिढीच्या आठ लेन तिसऱ्या पिढीच्या सोळांच्या तोडीच्या. पुरेशी मेमरी असलेल्या कार्डाला तेवढ्याने सहसा दोन-चार टक्क्यांचाच फटका बसतो. म्हणून टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं. मेमरीचा वेग ४८००. त्याने घेतली होती ६०००ची, पण ती ज्या प्रोफाइलवर चालायची ते एक्स्पो अपडेटमध्ये पुसलं गेलं होतं. बायॉसमध्ये जाऊन ते एक सेटिंग चालू केलं, आणि पडदा पुन्हा काळा झाला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. दोन मिनिटं आम्ही दोघंही गप्प बसून होतो.