तळ मालकाचा, पाणी लोकांचे

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत कयाक किंवा राफ्ट घेऊन नदीत उतरणारे वल्हेकरी आणि काठावरचे रँचमालक यांचे भांडण जुने आहे. मालक म्हणतो, दोन्ही काठ माझे, मधला तळही माझा, मग नदी माझीच. वल्हेकरी म्हणतो, नदी सर्वांची, तेव्हा तिच्यापर्यंतची वाटही सर्वांची. माँटाना राज्याचा कायदा नीट वाचला तर दोघेही चुकतात.

मालकाचे अर्धे म्हणणे खरे आहे. राज्य संघराज्यात सामील झाले तेव्हा जी नदी व्यापारी वाहतुकीजोगी होती, तिचा तळ राज्याचा. इतर नद्यांचा तळ बहुधा काठच्या मालकांचा. पण तळ कुणाचा हा एक प्रश्न आणि पाण्यावरून कुणी जावे हा दुसरा. १९८४ मध्ये डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड नद्यांच्या खटल्यांत माँटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे दोन प्रश्न वेगळे केले. १९७२च्या राज्यघटनेप्रमाणे राज्यातले पाणी लोकांच्या वापरासाठी राज्याच्या मालकीचे आहे. म्हणून जलविहाराजोगे पाणी लोकांना वापरता येते, खालचा तळ कुणाचाही असो. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काही नद्यांचा तळ राज्याचा ठरवणारा निकाल रद्द केला, तरी नद्या लोकांना बंद झाल्या नाहीत. तो हक्क तळाच्या मालकीवर टेकलेलाच नव्हता.

आता वल्हेकऱ्यांचा गैरसमज. १९८५च्या कायद्याने हा हक्क नेहमीच्या भरपाण्याच्या खुणेपाशी थांबवला आहे. त्यापलीकडच्या खाजगी शेतातून नदीकडे जायचे तर मालकाची परवानगी हवीच. उतरायचे ते सार्वजनिक जागेतून, किंवा सार्वजनिक रस्त्याच्या पुलापासून. पुलांविषयीचा वाद मिटवायला २००९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पात्रात कुंपण किंवा बंधारा आडवा आला तर काठावरून वळसा घेता येतो, पण जमिनीला कमीत कमी त्रास देऊन. शेतीचे पाट तर या हक्कात येतच नाहीत.

तरीही ही मालमत्तेची लूट आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य होते तेवढे माँटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मान्य केले: रात्रीचा मुक्काम, मोठ्या जनावरांची शिकार आणि वळशाच्या वाटेचा खर्च मालकावर टाकणे, या तरतुदी रद्द झाल्या. लोक वर्षानुवर्षे ये-जा करून वहिवाटीचा हक्क मिळवतील ही भीतीही निराधार आहे, कारण अशा विहारातून तो निर्माण होत नाही असे कायदाच सांगतो. अपघाताची जबाबदारीही मालकावर येत नाही, त्याने जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे इजा केली नसेल तर. कचरा टाकणारे आणि तारा तोडणारे असतात हे खरे, त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण त्यासाठी सगळ्यांना नदी बंद करणे न्याय्य नाही. शिवाय रँचमालक सिंचनासाठी जे पाणी उचलतो त्याचा हक्कही राज्यघटनेच्या त्याच अनुच्छेदाखाली येतो. पाणी सार्वजनिक आहे हे तत्त्व शेताला पाणी घेताना मान्य आणि होडी दिसताच अमान्य, हे मला पटत नाही.

दुसऱ्या राज्यातही असेच असेल, हा गैरसमज मात्र सर्वांत महागात पडतो. कोलोराडोची राज्यघटनाही पाणी सार्वजनिक म्हणते. पण १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद पाणीवाटपापुरतीच धरली आणि खाजगी रँचमधून कोलोराडो नदीवर राफ्टने गेलेल्यांना बेकायदा प्रवेशासाठी दोषी ठरवले. त्यांच्या राफ्ट मधूनमधून तळाला लागत होत्या. १९८३ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी मत दिले की तळाला न टेकता तरंगत जाणे गुन्हा नाही. उथळ खडकाळ नदीत तळाला टेकणे किंवा न टेकणे पुष्कळदा वल्हेकऱ्याच्या हाती नसतेच. ते ठरते त्या दिवशीच्या पाण्याच्या पातळीवर.