गोठ्यातला गोचीड आणि अंगणातली पोरं



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण तो आपल्याच दारातला आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या तळावर उतरतात. कोपीच्या दाराशी बैल, बैलांपुढे वाढ्यांचा ढीग आणि त्याच ढिगावर पोरांचा खेळ. आपल्या वस्त्यांवरही फार वेगळे नसते. गोठा, उकिरडा आणि अंगण यांत चार पावलांचे अंतर. जनावरावरचा गोचीड पोराच्या अंगावर यायला एवढे सान्निध्य पुरेसे आहे.

गोचीड राहतो कुठे?

जनावराच्या कानात, शेपटीखाली दिसतात तेवढेच गोचीड, असे समजू नये. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडाखाली, कचऱ्यात हजारो अंडी घालून मरते. अंड्यांतून अगदी बारीक, सहा पायांची पिल्ले निघतात. ती गवताच्या काडीवर चढून वाट पाहतात आणि घासून जाणाऱ्या जनावराला किंवा माणसाला चिकटतात. गोचीड उडत नाही की उडी मारत नाही. पण तो उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगू शकतो. म्हणून जनावरे विकून मोकळा झालेला गोठाही पोरांना खेळायला लगेच निर्धोक होत नाही. कुत्र्यावरचा गोचीड तर घराच्या भिंतीवर चढून फटीत अंडी घालतो.

त्याने होते काय?

बहुतेक वेळा खाज आणि लाल गाठ, एवढ्यावर भागते. पण काही गोचिडांतून ताप येतो. टिक टायफस हा त्यांतला एक. हा टायफॉईड नव्हे. यात ताप आणि डोकेदुखी असते, अंगावर पुरळ येते. ते तळहातांवर आणि तळपायांवरही दिसते. कधी चावल्या जागी काळी खपली धरते. वेळेवर औषध मिळाले तर हा ताप बरा होतो, अंगावर काढला तर जिवावर बेतू शकते.

दुसरा आजार माकडताप. तो १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१६ साली आपल्या राज्यात सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. तो रानातल्या गोचिडांपासून होतो. तिकडे पाहुण्यांकडे पोरे गेली तर रानात, विशेषतः माकड मेलेल्या जागी, त्यांना फिरकू देऊ नये.

पोरांसाठी काय करावे?

१) खेळाची जागा गोठ्यापासून आणि उकिरड्यापासून दूर ठेवा. तिथले गवत वेळोवेळी कापा. पाचट शेतातच सरीत दाबा, ते जाळू नका आणि अंगणात त्याचे ढीगही घालू नका.

२) बांधावर, गवतात जाताना पोरांना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घाला. फिक्या रंगावर गोचीड चटकन दिसतो.

३) रोज संध्याकाळी साबण लावून अंघोळ घाला आणि अंग तपासा. कानामागे, केसांत, मानेवर, काखेत, बेंबीत, करदोड्याखाली, जांघेत, गुडघ्यामागे बोट फिरवून पाहा. गोचीड जितका जास्त वेळ चिकटून राहील तितका धोका वाढतो. म्हणून ही तपासणी उद्यावर टाकू नका.

चिकटलाच तर?

बारीक टोकाच्या चिमट्याने तो कातडीच्या अगदी लगत धरा आणि एकसारखा सरळ वर ओढा. पिळू नका, हिसका देऊ नका. रॉकेल, चुना, तंबाखू किंवा पेटती विडी लावू नका. डिवचलेला गोचीड आपली लाळ जखमेत सोडू शकतो. काढलेला गोचीड नखाने चिरडू नये, स्पिरिटमध्ये टाकावा. मग ती जागा आणि आपले हात साबणाने धुवा. पुढचे दोन आठवडे ताप किंवा पुरळ दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना "गोचीड चावला होता" हे आपणहून सांगा. ते न विचारता सांगावे लागते, कारण साधा ताप समजून दिवस वाया जातात.

एक कळकळीची सूचना

जनावरावर मारायचे औषध पोराच्या डोक्याला किंवा अंगाला कधीही चोळू नका. "बैलाला चालते, मग पोराला थोडेसे काय होते?" असे म्हणणारे भेटतात. गोचिडाची काही औषधे पोराच्या पोटात किंवा अंगात गेली तर गुंगी येते, नाडी मंद होते, श्वास अडतो. बाटली कुलपात ठेवा, रिकामी बाटली पोरांच्या हाती देऊ नका आणि फवारणीच्या वेळी पोरे, चारा, पाणी लांब ठेवा.

औषध कोणते व किती, हे पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा. फक्त जनावरावर फवारून काम होत नाही. गोठ्याच्या भेगा बुजवा आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा फवारा, कारण पहिल्या फवारणीतून वाचलेली अंडी मागाहून फुटतात. पाळीव कुत्र्यालाही विसरू नका.

हा अंक वाचून झाल्यावर आपल्या फडातल्या मुकादमाला दाखवा. कोपीतल्या मंडळींना चार ओळी वाचून दाखवायला पाच मिनिटे लागतात. ऊस आपला आहे, तसा तो तोडणाऱ्यांच्या लेकरांचा जीवही आपण सांभाळला पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी