ताडपत्रीच्या टाकीचे पाय मृगाच्या पावसाआधी तपासून घ्या



टँकरचं पाणी साठवायला, फवारणीला किंवा मत्स्यपालनासाठी आपल्यापैकी काहींनी पाइपच्या फ्रेमवरची ताडपत्रीची टाकी बसवली आहे. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कडक होते, तेव्हा टाकी पक्की वाटते. पहिल्या पावसात तीच जमीन फुगते, मऊ होते आणि फ्रेमचा पाय खचतो. म्हणून तपासणी आत्ताच करा.

*रेटा किती असतो?*
४ मीटर व्यासाच्या टाकीत १ मीटर पाणी म्हणजे साधारण १२,५०० लिटर, साडेबारा टन. हे वजन बहुतेक तळावर, म्हणजे थेट जमिनीवर बसतं. पाय अडवतात तो पाण्याचा बाहेरचा रेटा. तो कडेच्या दर मीटरला सुमारे ५०० किलो असतो. एक पाय कलला की त्याचा भार शेजारच्या पायांवर जातो, जोड सुटतो आणि सगळं पाणी एका बाजूने फुटतं. जवळ लेकरू किंवा जनावर असेल तर जिवावर बेततं.

*नवीन टाकी बसवताना*
१. जागा लेव्हल पाइपने तपासा. उंच बाजू खोदून काढा. सखल बाजूला सैल माती भरू नका, ती नंतर दबते.
२. काळी जमीन असेल तर वरची माती काढून मुरूम भरा. थोडा थोडा थर टाका, पाणी मारा, धुमस करा.
३. प्रत्येक पायाखाली फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाड सिमेंटचा ठोकळा किंवा दगडी फरशी जमिनीच्या पातळीत बसवा. विटांचे तुकडे, लाकूड किंवा नुसती वाळू चालणार नाही.
४. पाय उभे आहेत का ते ओळंब्याने बघा.
५. आधी वीतभरच पाणी भरा, पाय तपासा. मग निम्मं भरा, परत तपासा. मगच पूर्ण भरा.

*भरलेल्या टाकीची तपासणी*
पाण्यापासून काठापर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजा. इंचभरापेक्षा जास्त फरक आला तर टाकी एका बाजूला बसली आहे. पायाशी ओल, उंदराची बिळं, वेल्डिंगजवळचा गंज हेही बघा. जादा पाण्याचा पाइप आणि पावसाचा चर पायांपासून लांब काढा. जनावर टाकीला अंग घासणार नाही एवढ्या अंतरावर बांधा.

*पाय कललेला दिसला तर*
भरल्या टाकीचा पाय ठोकू नका, जॅक लावू नका, दोरीने ओढू नका. लेकरं-जनावरं लांब न्या. कललेल्या बाजूला उभं न राहता पाणी सोडा. पाणी निम्म्या उंचीवर आलं की रेटा चौथाईवर येतो, म्हणजे ५०० चा सुमारे १२५ किलो. टाकीत मासे असतील तर ते आधी दुसरीकडे हलवायची सोय बघा, पण त्यासाठी पाणी सोडायचं थांबवू नका. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावरच पाया दुरुस्त करा.

टाकी रिकामी करायला एक दिवस जातो, पाणीही वाया जातं, हे खरं. म्हणून निघणारं पाणी पाइपने पिकाला द्या आणि काम पावसाआधी उरका.

ज्यांच्याकडे अशी टाकी आहे त्यांना हा मेसेज जरूर पाठवा.

– सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी