आधी आपल्या डोक्यावर हात!

सबमिशनचा आठवडा. रात्रीचे साडेबारा. जिवाभावाच्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या बाबांची नोकरी गेली होती. ती बोलत होती आणि मी 'हं, हं' करत लॅपटॉपवर असाइनमेंट टाइप करत होते. पाच मिनिटांनी तीच म्हणाली, "जाऊ दे, तू दमलीयस. झोप." तिला माझी गरज होती आणि माझ्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे रूममेटला सांगितलं. ती रेकी शिकलीय. रोज सकाळी मोबाइल हातात न घेता ती डोळ्यांवर, डोक्यावर, गळ्याशी, छातीवर, पोटावर तीन-चार मिनिटं तळवे ठेवून शांत बसते. 'सकाळी सकाळी डोक्याला हात!' म्हणून आम्ही तिला चिडवायचो. ती एवढंच म्हणाली, "पहिल्या लेव्हलला आम्हाला आधी स्वतःलाच रेकी द्यायला शिकवतात. दुसऱ्याचा नंबर नंतर."

ऐकायला स्वार्थी वाटतं ना? मलाही वाटलं. म्हणून जरा वाचलं. रेकीचे जनक मिकाओ उसुई. 1922 मध्ये क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर त्यांनी 21 दिवस उपवास आणि ध्यान केलं. टोकियोतल्या त्यांच्या स्मारकशिलेवर लिहिलंय, की हा उपचार त्यांनी आधी स्वतःवर केला, मग घरच्यांवर आणि त्यानंतर तो सगळ्यांसाठी खुला केला. पुढच्याच वर्षी, 1923 मध्ये, टोकियो परिसरात महाभयंकर भूकंप झाला. तेव्हा उसुई जखमींच्या मदतीला शहरभर फिरले, असंही ती शिला सांगते.

उसुईंनी पाच तत्त्वंही दिली. ती रोज सकाळ-संध्याकाळ हात जोडून म्हणायची. फक्त आजचा दिवस राग नको, काळजी नको, कृतज्ञता असू दे, काम मनापासून होऊ दे. आणि पाचवं, इतरांशी प्रेमाने वागणं. म्हणजे दुसऱ्यांचा विषय येतो तो सगळ्यात शेवटी, आधीची चार स्वतःशी जमवल्यावर!

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रेकीत सांगितली जाणारी ऊर्जा विज्ञानाने सिद्ध केलेली नाही. त्यामुळे डॉक्टर, औषधं किंवा समुपदेशक यांच्याऐवजी रेकी, असं अजिबात करू नका. पण रोज काही मिनिटं फोन बाजूला ठेवून शांत बसलं, तर आपण किती थकलोय हे निदान आपल्याला कळतं. आणि ते कळलं, की तो थकवा समोरच्यावर निघत नाही. माझी रूममेट मेसच्या रांगेतही कुणावर खेकसत नाही, याचं कोडं मला आत्ता सुटलं.

मी दीक्षा वगैरे घेतलेली नाही. पण गेला आठवडाभर सकाळी दहा मिनिटं डोळ्यांवर हात ठेवून बसतेय. पहिले दोन दिवस तर सरळ झोपच लागली!

रविवारी लॅपटॉप बंद करून मैत्रिणीला मीच फोन लावला. म्हटलं, "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. सॉरी. आता सांग." ती तासभर बोलली. बाबांच्या नोकरीचा प्रश्न काही सुटला नाही. पण फोन ठेवताना ती म्हणाली, "आज झोप लागेल बहुतेक."